जमिनीखालची टाकी आणि वाशीचे भूजल

पेट्रोल पंप बंद होतो. वितरणाची यंत्रे उचलली जातात, छत उतरवले जाते, भूखंडाभोवती पत्रे लागतात आणि काही महिन्यांत तेथे नव्या इमारतीचा फलक झळकतो. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या दृष्टीने पंपाचा इतिहास तेथेच संपतो. जमिनीच्या दृष्टीने मात्र तो संपलेला नसतो. पंपाच्या आवारात पोलादी टाक्या वीस-तीस वर्षे गाडलेल्या असतात. त्यांतील एखादी झिरपत असेल, तर टाकी काढून नेल्यानंतरही मातीत आणि भूजलात उतरलेले इंधन वर्षानुवर्षे तेथेच राहते. ते आहे की नाही, असल्यास किती आहे आणि कोणत्या दिशेने सरकत आहे, हे वरून दिसत नाही. जागेभोवती निरीक्षण विहिरी घेऊन ठरावीक काळाने भूजलाची तपासणी करणे, हाच ते समजण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

वाशीसारख्या नगरात या विषयाला विशेष महत्त्व आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, १९७३ मध्ये ठाणे खाडीवरील पहिला पूल वाहतुकीस खुला झाला आणि नवी मुंबईचे पहिले उपनगर म्हणून वाशी आकाराला आली. शीव-पनवेल महामार्ग, कृषी उत्पन्न बाजार समितीचा मालवाहतुकीचा राबता आणि शेजारची ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टी यांमुळे इंधनाचे भूमिगत साठे या परिसराला नवे नाहीत. पंपांखेरीज बस आगारे, वाहतूक कंपन्यांची आवारे आणि कारखान्यांतील जनित्रे यांच्यासाठीही डिझेलच्या टाक्या पुरल्या जातात. आता याच नगरात जुन्या इमारतींच्या जागी तळघरांसह उंच इमारती उभ्या राहत आहेत. पूर्वी कोणी फारसे न खणलेल्या थरापर्यंत खोदाई होऊ लागली आहे आणि त्यामुळेच जमिनीखाली काय दडले आहे, हा प्रश्न पुढे आला आहे.

वाशीची जमीन

भूजलाचे परीक्षण कोठेही एकाच साच्याने होत नाही, कारण पाणी कसे वाहणार हे जमीन ठरवते. वाशीच्या पूर्वेला पारसिकची डोंगररांग आणि पश्चिमेला ठाणे खाडी आहे. ढोबळमानाने भूजलाचा उतार डोंगराकडून खाडीकडे असतो. सर्वांत खाली दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. त्याच्या वरच्या भागात झिजलेला मुरूम, त्यावर खाडीचा चिकट, खारट गाळ आणि सर्वांत वर नगर उभारताना टाकलेला भराव असे थर अनेक ठिकाणी आढळतात.

या प्रत्येक थराची वागणूक निराळी असते. खाडीच्या गाळातून पाणी अतिशय संथ सरकते. भरावातील दगड-मुरमातून ते वेगाने जाते. बेसॉल्टमध्ये ते खडकाच्या अंगातून जात नाही, तर भेगा आणि सांधे यांतून वाट काढते. त्यामुळे टाकीपासून वीस मीटरवरची एक विहीर स्वच्छ आणि चाळीस मीटरवरची दुसरी दूषित, असे विचित्र वाटणारे निष्कर्ष प्रत्यक्षात येऊ शकतात. त्यातच शहरात जलवाहिन्या, मलवाहिन्या, पावसाळी गटारे आणि विजेच्या तारा यांच्यासाठी खणलेले चर असतात. वाळू भरून बुजवलेले हे चर गाळाच्या जमिनीत पाण्याला तयार पाट मिळवून देतात. भूजलाचा उतार पश्चिमेकडे असला, तरी इंधन अशा चरातून उत्तरेला किंवा दक्षिणेलाही जाऊ शकते. म्हणून परीक्षणाची आखणी करताना भूगर्भाच्या नकाशाइतकाच भूमिगत वाहिन्यांचा नकाशा आवश्यक ठरतो.

खाडीचे सान्निध्य आणखी एक गुंतागुंत निर्माण करते. खाडीलगतच्या विहिरींतील पातळी भरती-ओहोटीबरोबर हलते. पावसाळ्यात भरतीच्या वेळी पाणी अडू नये म्हणून सिडकोने सखल भागांत धारण तलाव बांधले, यावरून या जमिनीचे खाडीशी असलेले नाते लक्षात यावे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो, तेव्हा भूजल जमिनीच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ येते आणि उन्हाळ्यात पुन्हा खाली उतरते. या चढउताराबरोबर इंधनही मातीत वर-खाली पसरते.

गळती कशी होते

टाकी एकाएकी फुटते, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात बहुतेक गळती लहान आणि दीर्घकाळ चालणारी असते. टाकीपेक्षा टाकी आणि वितरण यंत्र यांना जोडणाऱ्या नळ्या, त्यांचे सांधे आणि टँकरमधून इंधन उतरवण्याची जागा अधिक धोक्याची असते. खारट, ओल्या गाळात पोलाद लवकर गंजते. टाकीला संरक्षक लेप नसेल किंवा गंज रोखणारी विद्युत व्यवस्था बंद पडली असेल, तर सूक्ष्म छिद्रे पडू लागतात. सेकंदाला एक थेंब या वेगाने गळणारा सांधा दिवसाला सुमारे चार लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटरच्या आसपास इंधन जमिनीत सोडतो. रोज हजारो लिटर विक्री करणाऱ्या पंपाच्या हिशेबात चार लिटरची तूट बाष्पीभवनाच्या खात्यात सहज मिसळून जाते.

वाशीसारख्या उथळ भूजलाच्या भागात गळतीची एक वेगळी खूण दिसते. पावसाळ्यात भूजलाची पातळी टाकीतील छिद्राच्या वर गेली, की इंधन बाहेर येण्याऐवजी पाणी आत शिरू शकते. डिप रॉडला पाणी ओळखणारा लेप लावून टाकीच्या तळाशी पाणी आहे का, हे पाहण्याची पद्धत त्यामुळे केवळ ग्राहकाला भेसळ मिळू नये एवढ्यापुरती नाही. तळाशी वारंवार पाणी सापडणे हा टाकी किंवा तिचे झाकण अभेद्य राहिले नसल्याचा इशारा असतो. उन्हाळ्यात पातळी खाली गेली, की त्याच छिद्रातून इंधन बाहेर पडू लागते. जुन्या पंपाच्या साठ्याच्या आणि पाण्याच्या नोंदवह्या म्हणूनच परीक्षण करणाऱ्यांच्या दृष्टीने मोलाच्या असतात. पंप बंद होताना त्या सर्वांत आधी रद्दीत जातात.

पाण्याला भेटलेले इंधन

पेट्रोल आणि डिझेल पाण्यापेक्षा हलके असतात. जमिनीतून खाली झिरपताना त्यांचा काही भाग मातीच्या कणांना चिकटतो, काही बाष्परूपाने मातीच्या पोकळ्यांत पसरतो आणि पुरेसे प्रमाण असेल, तर उरलेला भाग भूजलाच्या पृष्ठभागावर तरंगू लागतो. या तरंगणाऱ्या थरातून विरघळणारे घटक हळूहळू पाण्यात उतरतात आणि भूजलाच्या प्रवाहाबरोबर दूषित पाण्याचा एक लांबट पट्टा तयार होतो.

या घटकांत बेन्झिन, टोल्युइन, एथिलबेन्झिन आणि झायलिन ही चार नावे सर्वत्र घेतली जातात. त्यांपैकी बेन्झिन सर्वांत घातक समजले जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याचा समावेश मानवामध्ये कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात केला असून रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध प्रस्थापित झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी बेन्झिनचे मार्गदर्शक प्रमाण लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ठेवले आहे. एक टक्का बेन्झिन असलेल्या एका लिटर पेट्रोलमधील बेन्झिन साडेआठ लाख लिटरहून अधिक पाणी या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे आहे, असा हिशेब निघतो.

पाण्याला वास नाही म्हणजे ते शुद्ध, हा समजही येथे उपयोगाचा नाही. पाण्यातील बेन्झिनचा वास साधारणपणे लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास जाणवू लागतो. म्हणजे मार्गदर्शक मर्यादेच्या हजारपट प्रमाण होईपर्यंत केवळ बेन्झिन नाकाला कळत नाही. उलट खारफुटीच्या चिखलाला येणारा कुजकट वास हा गंधकयुक्त वायूचा असतो आणि तो इंधनाअभावीही येतो. वाशीत नाकावर विसंबून काढलेला कोणताही निष्कर्ष दोन्ही बाजूंनी चुकू शकतो.

टाकीचे वय सांगते तेही महत्त्वाचे असते. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाले. त्याआधीच्या टाकीखालच्या मातीत शिशाचीही तपासणी करावी लागते. पेट्रोलची ज्वलनक्षमता सुधारण्यासाठी वापरले गेलेले एमटीबीई हे रसायन पाण्यात फार सहज विरघळते, मातीला चिकटत नाही आणि बेन्झिनच्या कितीतरी पुढे प्रवास करते. अलीकडच्या काळात पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत गेले असून २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला. इथेनॉल स्वतः लवकर विघटित होते. परंतु मातीतील जिवाणू आधी त्याच्यावर ताव मारतात आणि पाण्यातील प्राणवायू त्यातच संपून जातो. परिणामी बेन्झिनचे विघटन रखडून त्याचा पट्टा लांबू शकतो.

निरीक्षण विहीर

टाकी बंद करताना पहिले काम असते ते तिला निर्धोक करण्याचे. उरलेले इंधन उपसणे, वाफा बाहेर काढणे, स्फोटक वायूचे प्रमाण मोजणे आणि मगच टाकी उचलणे किंवा ती जागीच वाळू वा तत्सम पदार्थाने भरणे, असा क्रम पाळला जातो. टाकी उचलल्यावर उघड्या पडलेल्या खड्ड्यातून मातीचे नमुने घेण्याची संधी पुन्हा मिळत नाही. टाकीच्या दोन्ही टोकांखाली, नळ्यांच्या सांध्यांखाली आणि वितरण यंत्रांच्या ओट्याखाली हे नमुने घेतले जातात. मातीत इंधन आढळले किंवा खड्ड्यात साचलेल्या पाण्यावर तवंग दिसला, की भूजल परीक्षणाची गरज निर्माण होते.

निरीक्षण विहीर म्हणजे पाणी उपसण्यासाठीची बोअरवेल नव्हे. ती अरुंद, उथळ आणि नेमक्या थरासाठी बांधलेली असते. जमिनीत छिद्र घेऊन त्यात बारीक खाचा असलेली पीव्हीसी नळी बसवली जाते. नळीभोवती स्वच्छ, एकसारखी रेती भरतात. त्यावर पाणी लागताच फुगणाऱ्या बेंटोनाइट मातीचा थर देतात आणि वर सिमेंटने तोंड बंद करतात. हे केले नाही, तर रस्त्यावरचे तेलकट पाणी विहिरीत उतरते आणि नमुना जमिनीचा न राहता रस्त्याचा होतो. खाचांचा भाग भूजलाच्या उन्हाळी आणि पावसाळी अशा दोन्ही पातळ्यांना सामावून घेणारा असावा लागतो, कारण इंधन पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगते. खोल बोअरवेलमधून घेतलेला नमुना स्वच्छ निघाला, म्हणून वरचा थर स्वच्छ आहे असे म्हणता येत नाही. घरबांधणी संस्थेच्या जुन्या बोअरवेलचे पाणी तपासून समाधान मानण्यात हीच चूक होते.

भूजलाच्या प्रवाहाची दिशा ठरवण्यासाठी किमान तीन विहिरी लागतात आणि त्या एका रेषेत असून चालत नाहीत. तिन्हींच्या काठांची उंची एकाच आधारबिंदूपासून मोजून त्यांतील पाण्याची पातळी काढली, की उतार कोणत्या बाजूला आहे हे भूमितीने सांगता येते. प्रत्यक्षात एक विहीर टाकीच्या चढाच्या बाजूला, एक टाकीच्या जागी आणि उताराच्या बाजूला दोन किंवा अधिक अशी रचना केली जाते. चढाच्या बाजूची विहीर विशेष महत्त्वाची ठरते. पाणी तेथेच दूषित असेल, तर प्रदूषणाचा उगम दुसरीकडे असण्याची शक्यता तपासावी लागते. औद्योगिक पट्टीच्या शेजारी वसलेल्या वाशीत हा भेद करता आला नाही, तर एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी बसू शकतो.

नमुना घेण्याची शिस्त

प्रयोगशाळेतील यंत्रे कितीही अचूक असली, तरी नमुना चुकीचा घेतला असेल तर अहवाल निरुपयोगी ठरतो. इंधनाचे घटक उडून जाणारे असतात. बादलीत उपसलेल्या किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीत भरलेल्या पाण्यातून ते वाटेतच निसटतात.

प्रथम सर्व विहिरींची पातळी कमीत कमी वेळात मोजली जाते. खाडीलगतच्या जागेत भरती-ओहोटीची वेळ नोंदवावी लागते. सकाळी एका विहिरीची आणि दुपारी दुसरीची पातळी घेतली, तर उताराची दिशाच उलटी दिसू शकते. त्यानंतर तेल आणि पाणी यांतील सीमा ओळखणारे उपकरण सोडून तरंगणारा थर आहे का, ते पाहतात. विहिरीत दिसणारी या थराची जाडी आणि प्रत्यक्ष मातीतील जाडी सारखी नसते. विहिरीत ती अनेकदा जास्त भरते. त्यामुळे तेवढ्यावरून सांडलेल्या इंधनाचा हिशेब मांडता येत नाही.

विहिरीत साचून राहिलेले पाणी आधी काढून टाकतात किंवा अतिशय मंद गतीने उपसा करून पाण्याचे तापमान, आम्लता, विद्युतवाहकता आणि विरघळलेला प्राणवायू स्थिर होईपर्यंत थांबतात. मग ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या हवेचा एकही बुडबुडा न राहील अशा काठोकाठ भरल्या जातात. त्यांत आधीच थोडे आम्ल असते, जेणेकरून जिवाणूंनी वाटेत घटक खाऊ नयेत. कुप्या बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेल्या जातात आणि आम्लयुक्त नमुन्यांची तपासणी साधारणपणे १४ दिवसांत पूर्ण करावी लागते. सर्वांत स्वच्छ विहिरीपासून सुरुवात करून सर्वांत दूषित विहीर शेवटी घेतात. जनित्राचा धूर नमुन्याच्या जवळ येऊ देत नाहीत. शुद्ध पाण्याची एक बंद कुपी संपूर्ण प्रवासात सोबत ठेवली जाते. तिच्यातही बेन्झिन निघाले, तर दोष जमिनीचा नसून हाताळणीचा आहे, हे उघड होते.

कोणती तपासणी मागावी

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १०५०० हे मानक वापरले जाते. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत खनिज तेलाची मर्यादा लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आणि बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बनची ०.०००१ मिलिग्रॅम आहे. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत खनिज तेल या सदराखाली आलेला आकडा मर्यादेत आहे, म्हणून निश्चिंत होणे योग्य नाही. ०.५ मिलिग्रॅम हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या बेन्झिनसाठीच्या मर्यादेच्या पन्नासपट आहे. म्हणून इंधनाच्या संशयात बेन्झिन, टोल्युइन, एथिलबेन्झिन, झायलिन, एमटीबीई, नॅप्थलिन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन यांची स्वतंत्र तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफी पद्धतीने करून घ्यावी लागते. टोल्युइनसाठी ०.७, एथिलबेन्झिनसाठी ०.३ आणि झायलिनसाठी ०.५ मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक प्रमाणे आहेत. प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता या विशिष्ट चाचण्यांसाठी आहे का, हे अहवाल मागवण्याआधी पाहणे श्रेयस्कर असते. पद्धतीची शोधमर्यादा मार्गदर्शक प्रमाणापेक्षा जास्त असेल, तर ‘आढळले नाही’ या शेऱ्याला काही अर्थ उरत नाही.

याखेरीज निसर्ग स्वतः किती सफाई करत आहे, हे कळण्यासाठी प्राणवायू, नायट्रेट, विरघळलेले लोह, सल्फेट आणि मिथेन यांची मोजणी केली जाते. जिवाणू इंधन खाताना प्राणवायू वापरतात. तो संपला, की क्रमाने नायट्रेट, लोह आणि सल्फेट यांच्या आधारे ते काम चालू ठेवतात. खाडीच्या प्रभावाखालील पाण्यात सल्फेट भरपूर असते. त्यामुळे आजूबाजूच्या विहिरींत सल्फेट जास्त आणि टाकीजवळच्या विहिरीत ते एकदम कमी दिसले, तर जिवाणूंचे काम चालू असल्याचा तो पुरावा मानता येतो.

एका अहवालाने भागत नाही

भूजल परीक्षणातील सर्वांत मोठी चूक म्हणजे एकाच वेळच्या नमुन्यावर निकाल देणे. पावसाळ्यात पातळी वर चढली, की तरंगणारे इंधन मातीच्या पोकळ्यांत अडकून विहिरीतून दिसेनासे होते. उन्हाळ्यात पातळी उतरताच ते पुन्हा विहिरीत अवतरते. कधी याच्या उलटही घडते. चढलेले पाणी वरच्या मातीतील इंधनाला भिडते आणि विरघळलेल्या घटकांचे प्रमाण वाढते. केंद्रीय भूजल मंडळ आणि राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून अनेकदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर मोजतात, त्यामागे हेच ऋतुचक्र आहे. इंधनाच्या जागी पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी आणि नंतर कल स्पष्ट झाल्यावर सहा महिन्यांनी तपासणी करणे हा प्रचलित क्रम आहे. सलग अनेक फेऱ्यांत, उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही धरून, प्रमाण घटत गेले किंवा मर्यादेखाली स्थिर राहिले, तरच जागा निर्धोक ठरवता येते.

दिलासा देणारी बाबही नोंदवली पाहिजे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९५ मध्ये तेथील गळक्या टाक्यांचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेक ठिकाणी बेन्झिनचा पट्टा अडीचशे फुटांच्या आतच थांबलेला आढळला. गळती थांबवली आणि साठलेले इंधन काढले, तर पुष्कळ ठिकाणी जिवाणू उरलेले काम पार पाडतात. मात्र अशी नैसर्गिक सफाई चालू आहे, हे मोजून दाखवावे लागते. ती गृहीत धरून विहिरी बुजवणे म्हणजे परीक्षण नव्हे.

पाणी पीत नाही, मग चिंता कशाला

नवी मुंबईला पिण्याचे पाणी प्रामुख्याने मोरबे धरणातून मिळते. वाशीतील भूजल खारटपणामुळे फारसे कोणी पीत नाही. त्यामुळे भूजल दूषित झाले तरी बिघडले कोठे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याची उत्तरे चार आहेत.

पहिले उत्तर वाफांचे. बेन्झिनच्या वाफा मातीतून वर येतात आणि तळघर, लिफ्टचा खड्डा किंवा मलवाहिनी यांत साचतात. बंद तळघरात त्यांचा श्वासावाटे संपर्क होतो. प्रमाण मोठे असेल, तर आगीचाही धोका असतो. दुसरे उत्तर जलवाहिन्यांचे. प्लॅस्टिकच्या काही नळ्यांच्या भिंतीतून पेट्रोलचे घटक आत शिरू शकतात. पुरवठा ठरावीक तासांचा असेल आणि नळी रिकामी राहत असेल, तर सांध्यांतून बाहेरचे पाणी ओढले जाण्याची भीतीही असते. तिसरे उत्तर खोदाईचे. तळघर खणताना दिवसरात्र पंप लावून पाणी उपसले जाते. त्यामुळे भूजलाची पातळी खड्ड्याकडे झुकते आणि वर्षानुवर्षे एका जागी स्थिर असलेला दूषित पट्टा शेजारच्या भूखंडाकडे ओढला जातो. उपसलेले पाणी पावसाळी गटारात सोडले, तर ते थेट खाडीत पोचते. चौथे उत्तर खाडीचेच. ठाणे खाडीच्या क्षेत्राला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. भूजलाचा उतार जेथे संपतो, तेथे हे पक्षी चिखलात अन्न शोधतात.

इतरत्र काय घडले

या प्रश्नाची सर्वांत मोठी किंमत अमेरिकेने मोजली. तेथे १९८४ मध्ये भूमिगत टाक्यांसाठी स्वतंत्र कायदेशीर तरतूद झाली आणि जुन्या टाक्या सुधारण्यासाठी वा बंद करण्यासाठी २२ डिसेंबर १९९८ ही मुदत देण्यात आली. तेव्हापासून नोंदल्या गेलेल्या गळतींची संख्या साडेपाच लाखांवर गेली आहे. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला १९९६ मध्ये एमटीबीईमुळे आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि बाहेरून पाणी विकत घ्यावे लागले. हवाईत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या रेड हिल येथील नौदलाच्या भूमिगत साठ्यातून नोव्हेंबर २०२१ मध्ये इंधन पाणीपुरवठ्यात उतरले. सुमारे ९३ हजार लोकांना पाणी देणारी व्यवस्था त्यामुळे बाधित झाली आणि मार्च २०२२ मध्ये हा साठा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला.

भारतातही उदाहरणे आहेत. चेन्नईतील तोंडियारपेट भागात २०१३ मध्ये बोअरवेलच्या पाण्यात इंधन येऊ लागले आणि जमिनीखालून जाणाऱ्या जुन्या इंधनवाहिनीची गळती उघडकीस आली. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. गोव्यात दाबोळी परिसरात २०२४ च्या प्रारंभी विहिरींच्या पाण्यात पेट्रोलियम पदार्थ आढळले आणि तेथेही बोट भूमिगत वाहिनीकडेच गेले. दोन्ही ठिकाणी पहिली सूचना नागरिकांच्या विहिरीने दिली. निरीक्षण विहिरींचे प्रयोजनच हे असते, की घराच्या विहिरीवर ती पाळी येण्याआधी इशारा मिळावा.

कायदा काय सांगतो

पेट्रोलियमच्या साठ्याला परवाना देण्याचे काम १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे नियम यांखाली नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना करते. तिचा भर प्रामुख्याने आग आणि स्फोट यांपासूनच्या सुरक्षिततेवर आहे. पाण्याच्या प्रदूषणाचा विषय १९७४ च्या जल कायद्याखाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे येतो. या कायद्यातील प्रवाहाच्या व्याख्येत भूगर्भातील पाण्याचाही समावेश आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांनुसार शाळा, दहा वा अधिक खाटांची रुग्णालये आणि निवासी क्षेत्र यांपासून ५० मीटर अंतर अपेक्षित असून अडचणीच्या परिस्थितीत जादा सुरक्षा उपाय योजूनही ते ३० मीटरपेक्षा कमी करता येत नाही. बंद पडलेल्या पंपाच्या जागेचा प्रश्न मात्र अंतराच्या नियमाने सुटत नाही.

राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये प्रदूषण करणाऱ्यानेच सफाईचा खर्च सोसावा, हे तत्त्व लागू केले. त्याच तत्त्वाला प्रक्रियेची चौकट देणारे प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांची माहिती द्यायची, राज्य मंडळाने ठरावीक मुदतीत प्राथमिक व नंतर सविस्तर तपासणी करायची आणि दोषी ठरणाऱ्याकडून सफाईचा खर्च घ्यायचा, असा या नियमांचा गाभा आहे. यादीत नाव येण्यासाठी आधी संशय नोंदला जावा लागतो. संशय नोंदण्यासाठी जागेचा इतिहास कोणाला तरी आठवावा लागतो.

सिडकोच्या नगरांत एक सोय आहे. येथील जमीन भाडेपट्ट्याने दिलेली असल्याने कोणता भूखंड कोणत्या वापरासाठी दिला गेला, याची नोंद असते. पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या संस्थेने आपल्या किंवा शेजारच्या भूखंडाखाली कधी इंधनाची टाकी होती का, ती केव्हा आणि कशी काढली, खड्ड्यातील मातीचे अहवाल उपलब्ध आहेत का आणि तळघराच्या खोदाईत उपसले जाणारे पाणी तपासले जाणार आहे का, एवढे चार प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी लेखी विचारले, तर बरेच काही साधते. पाया घालण्यापूर्वी तीन-चार निरीक्षण विहिरी घेण्याचा खर्च एका मोठ्या बांधकामाच्या हिशेबात नगण्य असतो. इमारत उभी राहिल्यावर तिच्या खालची माती धुऊन काढण्याचा खर्च मात्र कोणत्याच हिशेबात धरलेला नसतो.